मुरूम काढा, पण वरची वीतभर माती आधी बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. माण तालुक्यात दोघा भावांच्या नावावर अकरा एकर मुरमाड माळ आहे. तो कधी नांगराखाली आला नाही, पण घरची जनावरं आणि चुलत्यांची पन्नासेक मेंढरं त्यावर निघतात. जवळून रस्ता होतोय आणि ठेकेदाराला दीड एकरातला मुरूम हवाय. ‘माळ तसाही पडीकच आहे, मुरूम निघाला की खड्ड्याचं आयतं शेततळं होईल,’ असं तो म्हणतो. पैशाची नड आहे, पण माळ कायमचा जाईल अशी आईला धास्ती वाटते. तर मुरूम द्यावा का, आणि द्यायचा तर कसा?

आईची धास्ती रास्त आहे. मृदसंधारणाच्या कामात माझी सव्वीस वर्षं गेली, आणि त्यातला बराच वेळ लोकांनी सोडून दिलेल्या मुरमाच्या खड्ड्यांवर गेला. त्या अनुभवावरून सांगतो, मुरूम देता येतो आणि गवतही परत आणता येतं. मात्र दीड एकर एकदम देऊ नका. आणि गवत परत आणायचं काम मुरूम काढून झाल्यावर हाती घेऊ म्हणालात, तर ते होत नाही. ते जेसीबीची पहिली बादली पडायच्या आधी ठरलेलं लागतं.

तुमच्या पायाखाली काय आहे ते आधी बघा. आपल्याकडचा सगळा माळ काळ्या पाषाणावर बसलेला आहे. तो पाषाण वरून कुजत येतो, त्याचा मुरूम होतो, आणि मुरमाची माती व्हायला किती पिढ्या जातात ते मोजत बसण्यात अर्थ नाही. वरून खाली गेलात तर आधी चार ते सहा इंच तांबूस माती लागते, मग मुरूम, मग कडक मांजऱ्या म्हणजे अर्धवट कुजलेला दगड, मग पाषाण. ठेकेदाराला मधला थर हवा असतो. वरची माती त्याच्या दृष्टीने कचरा. रस्त्याच्या भरावात ती चालत नाही, म्हणून त्याचा मशीनवाला ती पहिल्याच दिवशी ढकलून बांधाकडेला टाकतो आणि पुढे खराब मुरूम, दगड, सगळं तिच्यावरच लोटतो. माळ तिथेच संपतो. कारण गवताचं बी, मुळं, शेणखताचा अंश, जे काही जिवंत आहे ते त्या चार-सहा इंचांत आहे, आणि बी तर त्यातल्याही वरच्या दोन-तीन बोटांत.

एकदा ही चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली आणि मी ती होऊ दिली. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. एका गावच्या पाझर तलावाच्या भिंतीसाठी शेजारच्या माळावरून मुरूम घेतला. माती वेगळी ठेवा असं मी तोंडी सांगितलं होतं, पण उभा राहिलो नाही. अर्ध्या भागात मशीनवाल्याने ती वेगळी ठेवली, अर्ध्या भागात मुरमाखाली गाडली. काम झाल्यावर जी वेगळी होती ती पसरली. सहा वर्षांनी त्या बाजूला गेलो तेव्हा दोन तुकड्यांमधली रेघ दुरून दिसत होती. एकीकडे गुडघाभर कुसळी आणि मधेमधे पवन्याचं गवत. दुसरीकडे उघडा मुरूम, चार तरवडाची झुडपं आणि पावसाळ्यात वाढून वाळलेलं गाजरगवत. मी त्या उघड्या तुकड्यात खुरपं मारून पाहिलं. सहा वर्षांत अर्धा बोटसुद्धा माती झाली नव्हती, आणि खुरप्याचं टोक मुरमावर खणखण वाजत होतं.

ते खणखणणं लक्षात ठेवा, कारण कुसळीचं सगळं गणित तिथे अडतं. मेंढरांमागे फिरलेल्या माणसाला कुसळ माहीत आहे, पायजम्यात शिरलं की पुढेच सरकतं. बियाच्या एका टोकाला अणकुचीदार सुई आणि दुसऱ्या टोकाला पिळाची शेपटी असते. हवा दमट झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरकीवर बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवून बघा, वळवळताना दिसेल. पण खुपसायला जमीन भुसभुशीत लागते, नाहीतर निदान एखादी भेग लागते. हायवा डंपरांच्या चाकांखाली दाबून फरशीसारख्या झालेल्या तळावर ते बी वरच्यावर फिरतं आणि पहिल्या जोराच्या पावसात वाहून जातं. म्हणून परत पसरलेली माती आणि तिच्याखाली फोडलेला तळ, या दोन्ही गोष्टी लागतात.

आता जागा. अकरा एकरांत कुठेतरी एखादं टेपाड असेलच. सपाटीवर खड्डा काढण्यापेक्षा टेपाड उतरवणं केव्हाही चांगलं. टेपाड खाली आलं तर मागे खड्डा राहत नाही, पाणी साचत नाही, शेवटी उरतो तो थोडा खालचा माळ. टेपाड नसेल तर उताराच्या खालच्या अंगाने तोंड उघडून आत जा, म्हणजे पाणी आपोआप बाहेर पडेल. ओढ्याच्या काठाला आणि विहिरीजवळ हात लावू नका. शेजाऱ्याच्या बांधापासून निदान साडेसात मीटरची पट्टी सोडा. खाणकामात हद्दीपासून एवढं अंतर सोडायची रीत आहे, आणि पुढची भांडणंही वाचतात. जागा पक्की करण्याआधी सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या.

मग चाचणी खड्डे. ठरवलेल्या जागेत चार-पाच ठिकाणी जेसीबीने खड्डे घ्या आणि प्रत्येकात टेप सोडून थर मोजा. तासाभराचं काम आहे, पण बरेच वाद इथेच मिटतात. मुरूम मूठभर घेऊन भिजवा आणि दाबा. हाताला चिकटून गोळा झाला तर त्यात चिकणमाती जास्त आहे, आणि असा माल रस्त्याच्या थरात पास होत नाही. ठेकेदाराला तो पुढे नकोसा होईल आणि तुमच्या रानात अर्धवट खड्डा सोडून तो जाईल, असं व्हायला नको. दाणेदार, कोरडा, मुठीतून सुटणारा मुरूम लागला तर पुढचा विचार करा. मांजऱ्या किंवा पाषाण किती फुटांवर लागतो ते लिहून ठेवा. त्याच्या वर निदान दीड फूट मुरूम राखायचाच. तळाला नागडा पाषाण उघडा पडला तर वर कितीही माती टाका, गवताची मुळं उन्हाळ्यात तग धरत नाहीत. माणसारख्या ठिकाणी वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो मुरमाच्या भेगांत ओल धरून राहतो, त्यावर गवत पुढचे आठ महिने काढतं. ती जागाच काढून घेतली की गवत राहणार कशावर?

किती मुरूम निघेल याचा हिशेब तुमचा तुम्ही करा, ठेकेदारावर सोडू नका. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. एक एकर जमीन एक फूट खोल उचलली तर साधारण ४३५ ब्रास होतात. समजा १५० फूट बाय १५० फूट जागा घेतली, म्हणजे सुमारे वीस गुंठे, आणि खोली सहा फूट. उभ्या कडांनी काढलं तर १,३५० ब्रास भरतात. पण शेवटी कडा उभ्या ठेवायच्या नाहीत, तीनास एक उतार द्यायचा. म्हणजे सहा फूट खाली जायला अठरा फूट आडवं यायचं. तो उतार धरला तर तळ ११४ बाय ११४ चा राहतो आणि एकूण माल भरतो १,०५२ ब्रास. त्यात वरच्या अर्ध्या फुटाची माती ११२ ब्रास, ती विकायची नाही. विकायला उरले सुमारे ९४० ब्रास. ठेकेदार १,३५० चं गणित मांडेल. चारशे ब्रासचा हा फरक तुमच्या माळाची किंमत आहे असं धरा आणि त्याच्याशी पहिल्या बैठकीतच बोलून घ्या. तीनास एक उतारावर मेंढरू सहज चढतं-उतरतं आणि माती टिकते. एकास एकवर माती पहिल्या वळवालाच खाली येते.

आणखी एक. जमिनीतला मुरूम उकरला की फुगतो, चौथाईच्या आसपास धरा. जमिनीतले ९४० ब्रास गाडीत साडेअकराशेच्या वर भरतील. करारात माप जागेवरचं की गाडीतलं हे स्वच्छ लिहा. तुम्हाला खड्ड्याच्या मापाने पैसे आणि पुढे विक्री गाडीच्या मापाने, हे सर्रास चालतं.

खोदताना माणसांचीही काळजी घ्या. खाणींच्या १९६१ च्या सुरक्षा नियमांत मुरूम, माती, वाळू अशा जमिनीसाठी सरळ लिहिलं आहे: कडेचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको, नाहीतर पायऱ्या करा, पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. मशीनवाला खालून पोखरत आत गेला की वरचा भाग लटकत राहतो, आणि मुरूम ढासळताना आवाजही देत नाही. पोखरायला लागला तर मशीन तिथल्या तिथे बंद करायला लावा.

काम पट्ट्यांनी करा. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. १५० फुटांचे उताराला आडवे तीन पट्टे पाडा, पन्नास-पन्नास फुटांचे. रस्त्यापासून सगळ्यात लांबचा पट्टा आधी घ्यायचा आणि मागे सरकत यायचं, म्हणजे पूर्ण झालेल्या पट्ट्यावरून गाड्या जाणार नाहीत. पहिल्या पट्ट्याची माती वरच्या अंगाला ढिगाने ठेवा, ढीग कमरेपेक्षा उंच नको. उंच ढिगात आतली माती गुदमरते आणि बी मरतं. पहिल्या पट्ट्याचा मुरूम उचलून झाला की कडांना उतार द्या, जेसीबीच्या दातांनी तळ फूट-दीड फूट फोडा, तोही समतल रेषेत, उताराच्या दिशेने नव्हे. मग दुसऱ्या पट्ट्याची माती उचलून थेट पहिल्यावर पसरा. तिसऱ्याची दुसऱ्यावर. ढिगात ठेवलेली शेवटी तिसऱ्यावर. अशाने दोन तृतीयांश माती एक दिवसही ढिगात पडून राहत नाही. पसरताना बादली फिरवून गुळगुळीत करू देऊ नका. मशीनवाल्यांना गुळगुळीत काम आवडतं, आपल्याला खडबडीत हवं. ढेकळं, खळगे राहू द्या, पाणी आणि बी तिथेच थांबतं.

वेळ कोणती? कुसळी आणि पवन्याचं बी दिवाळीच्या पुढेमागे पिकून गळतं. ते जमिनीवर पडू द्या. त्याआधी शेजारच्या माळावरचं बियाण्यासकट पिकलेलं गवत दहा-बारा भारे कापून कोरड्या जागी ठेवून द्या. मशीन डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत लावा. साडेअकराशे ब्रास म्हणजे पाच ब्रासच्या हायवाच्या अडीचशेपेक्षा कमी खेपा, दिवसाला वीस धरल्या तर दोन आठवड्यांचं काम. ते फेब्रुवारीत आटपायलाच हवं, कारण मार्चपासून माळटिटवी, धाविक, चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ती इतकी मातीच्या रंगाची असतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. मशीन येण्याच्या आदल्या दिवशी सगळी जागा पायी फिरून बघा. खोकडाचं किंवा लांडग्याचं बीळ निघालं आणि तोंडाशी ताजी माती, हाडकं दिसली, तर ती जागा सोडा. हिवाळा हा लांडग्याच्या पिलांचा काळ. बारामतीजवळच्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला लोक लांबून येतात. ते अभयारण्य म्हणजे तुमच्यासारखाच माळ आहे. सरकारी नकाशांत अशा गवताळ जमिनी पडीक म्हणून रंगवल्या गेल्या, आणि ठेकेदाराच्या तोंडी तोच शब्द आला आहे. मेंढरं ज्याच्यावर पोट भरतात त्याला पडीक कसं म्हणायचं?

शेततळ्याचं आमिष मात्र पूर्ण बाजूला ठेवा. मुरूम पाणी धरत नाही. सप्टेंबरात भरलेला खड्डा थंडीत कोरडा पडतो, कारण पाणी भेगांतून खाली निघून जातं. पाणी टिकवायचं तर प्लास्टिकचं अस्तर लागतं, त्याचा खर्च वेगळा, आणि उभ्या कडांच्या खड्ड्यात अस्तर बसतही नाही. मग उरतो तो पावसाळ्यात आठ-दहा फूट पाण्याने भरलेला, घसरड्या कडांचा खड्डा. अशा खड्ड्यांत पोरं बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. एका वस्तीवर मी स्वतः म्हैस काढायला दोर धरून उभा होतो. ती निघाली, पण तिला चढायला जागाच नव्हती, शेवटी कड फोडावी लागली. पाणी हवंच असेल तर त्यासाठी जागा, खोली आणि उतार वेगळा आखावा लागतो. बुलडाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी तलाव, नाले खोल करून निघालेली माती-मुरूम वापरली गेली. तिथे जागा आधी पाण्यासाठी निवडल्या होत्या, म्हणून त्याचा उपयोग झाला. ठेकेदाराला गावच्या गाळाने भरलेल्या तलावाची आठवण करून द्या. परवानगी मिळाली आणि माल पास झाला, तर कदाचित तुमच्या माळाला हातही लावावा लागणार नाही.

कागदांचं थोडक्यात, पण हलकं घेऊ नका. मुरूम गौण खनिज आहे. जमीन तुमची असली तरी परवान्याशिवाय आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याशिवाय तो विकता येत नाही. त्यासाठी २०१३ चे महाराष्ट्र गौण खनिज नियम लागू आहेत, अर्ज तहसीलमार्फत करा. परवान्यापेक्षा जास्त उचललं तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो जमीनमालकाच्या सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढलेला मी पाहिला आहे. ठेकेदार तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. म्हणून परवाना कोणाच्या नावावर, किती ब्रासचा, मुदत किती हे वाचा, आणि प्रत्येक गाडीचा सरकारच्या ‘महाखनिज’ ऑनलाइन प्रणालीतला वाहतूक पास बघून वहीत नंबर उतरवा. ‘रस्त्याच्या कामाला पर्यावरण मंजुरी लागत नाही’ असं तो म्हणाला तर ते लेखी मागा. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात पाच हेक्टरांखालच्या गौण खनिज पट्ट्यांनाही मंजुरीच्या कक्षेत आणलं. २०२० साली रस्त्यांसारख्या कामांच्या मातीला केंद्राने सरसकट सूट दिली होती, ती न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला रद्द केली. तुमच्या अर्जाच्या दिवशी काय लागू आहे ते जिल्हा खनिकर्म कार्यालयातून कागदावर घ्या. आणि तुमच्या गटाला लागून गावचं गायरान असेल तर मशीनचं एक चाकही तिकडे जाऊ देऊ नका. सार्वजनिक चराऊ जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सगळ्या राज्यांना बजावलं आहे.

करारात एक ओळ मी नेहमी घालायला लावतो: एकूण पैशाच्या चौथ्या हिश्शाएवढी रक्कम ठेकेदाराने तुमच्याकडे अनामत ठेवायची. माती पसरून, तळ फोडून, कडांना उतार देऊन आणि गाड्यांची वाट उकरून झाली की मगच ती परत घ्यायची. पैसे त्याच्या हातात असतील तर मशीन परत येत नाही. गाड्यांची वाट तर सगळे विसरतात. खड्डा झाकला जातो आणि माळावरून गेलेली दोनशे फुटांची दाबलेली पट्टी वीस वर्षं तशीच बोडकी राहते.

जूनच्या तोंडावर जपून ठेवलेलं गवत पातळ पसरा, वर बाभळीच्या, बोराटीच्या काटेरी फांद्या टाका. वरच्या अंगाने आडवी चारी काढून बाहेरचं पाणी बाजूला वळवा. बी कमी वाटलं तर मारवेल गवताची ठोंबं पावसाळ्यात लावता येतात. पहिले दोन पावसाळे पूर्ण चराईबंदी. दुसऱ्या वर्षी बी गळल्यावर विळ्याने कापून वैरण घ्या, तिसऱ्या वर्षी मेंढरं सोडा, तीही गवत फुलोऱ्यातून गेल्यावर. मेंढरं रात्री बसवायला हरकत नाही, लेंडीखताइतकं या मातीला दुसरं काही मानवत नाही. फक्त वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्लेला कळप नको, लेंड्यांतून ते बी येतं आणि मग निघता निघत नाही. दोन्ही वर्षी गाजरगवत फुलण्याआधी उपटा. झाडं लावू नका. पर्यावरण दिनाला कोणीतरी गिरिपुष्पाची रोपं फुकट देईल, नम्रपणे नको म्हणा. आपल्या माळावर हिवर, बोर, बाभूळ आपणहून येतात, तेवढी पुरेत.

आधी वीस गुंठेच द्या. दोन पावसाळ्यांत त्यावर गवत कसं येतं ते बघून मगच पुढच्या तुकड्याचं बोला. चाचणी खड्डे झाले की प्रत्येकातली मापं लिहून पाठवा: माती किती इंच, मुरूम किती फूट, खाली काय लागलं. टेपाड असेल तर त्याची उंचीही कळवा. दोन दिवसांत पट्ट्यांची आखणी कागदावर काढून देतो.